गुलाबाचा काटा आणि भक्षक पेशी

१८८२ सालचा डिसेंबर. सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात घरची सारी मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. सदतीस वर्षांचे प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून घरीच बसले होते. समोर तारामाशाची डिंभके होती, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या अंगात काही पेशी संथपणे फिरत होत्या. या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? मेचनिकॉफ उठले, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि डिंभकांच्या कातडीखाली खुपसले. रात्री झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा!

पायात काटा मोडला की भोवती सूज येते, पू धरतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक असते. ती सूज म्हणजे शरीराने दिलेली झुंज आहे, हे या माणसाने ओळखले. त्या पेशींना त्यांनी भक्षक पेशी म्हटले.

या आनंदामागे बरेच दुःख होते. १८४५ साली खारकोवजवळ जन्मलेल्या या मुलाने विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत संपवला. पण पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या दिवशीच क्षयाने इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ साली ती गेली, तेव्हा मेचनिकॉफनी जीव देण्याचा प्रयत्न केला. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने आजारी पडल्यानंतर पुन्हा एकदा केला. सुदैवाने दोन्ही वेळा ते वाचले.

१८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. त्यांच्या मागोमाग तिथे गेलेला त्यांचा विद्यार्थी म्हणजे हाफकिन, ज्याने पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची संस्था आपण त्याच्याच नावाने ओळखतो. जर्मन शास्त्रज्ञांशी मेचनिकॉफ वर्षानुवर्षे भांडले. ते म्हणत, रक्षण रक्तातल्या द्रवामुळे होते, पेशींमुळे नव्हे. १९०८ चे नोबेल मेचनिकॉफ आणि एरलिश यांना विभागून मिळाले, कारण दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे होते. त्याच डिसेंबरात भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झाले.

उतारवयात मेचनिकॉफ आंबट दुधाचे भोक्ते बनले. म्हातारपणात याच भक्षक पेशी आपल्या चांगल्या पेशींवर उलटतात, असे त्यांना वाटू लागले होते. तपशिलात ते चुकले असतील. पण रखवालदारही घात करू शकतो, ही शंका खोटी नव्हती. १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला एका स्त्रीच्या स्तनांत प्रथमच सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या गेल्या. पुढे कर्करोगात स्तन गमावलेल्या असंख्य बायकांना या पिशव्यांचा आधार वाटला. शरीराला मात्र ती पिशवी म्हणजे काटाच. भक्षक पेशी धावून येतात, पण तिला खाणे शक्य नसते. मग काही पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी आकाराच्या होतात, तर काही निरोप पाठवून तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावतात. पिशवीभोवती वेष्टण तयार होते. ते सगळ्यांनाच होते, आणि पातळ, मऊ असेल तर त्रासाचे नसते. पण काहींच्या बाबतीत जंतूंचा अदृश्य थर चिकटून राहिल्याने किंवा किरणोपचारांमुळे दाह शमत नाही. भक्षक पेशींच्या जोडीला टी पेशीही ठाण मांडून बसतात. तंतू विणणाऱ्या पेशी स्नायूंसारख्या आक्रसू लागतात, वेष्टण पिशवीला आवळते आणि स्तन दगडासारखा कठीण होतो, दुखतो. कर्करोगातून उठलेल्या बाईला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. यात तिचे काही चुकलेले नसते, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

हे आवळणे कमी व्हावे म्हणून खडबडीत पिशव्या निघाल्या. त्यांच्याभोवतीच्या वेष्टणात टी पेशींचा एक दुर्मिळ कर्करोग सापडला, आणि २०१९ मध्ये त्यांपैकी काही बाजारातून परत घ्याव्या लागल्या. काढलेल्या वेष्टणाचा पातळ काप आजही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्यात दिसतात त्या मेसिनाच्या काट्याभोवती जमलेल्या पेशींच्याच भाऊबंद.