दामोदर धर्मानंद कोसंबी : नाणी, पोथ्या आणि गणित

साहित्य आणि इतिहास यांच्या अभ्यासात संगणकीय पद्धती वापरणे ही अगदी अलीकडची गोष्ट आहे, असे आपल्याला वाटण्याचा संभव आहे. साधन नवे आहे हे खरे. परंतु मोजणीतून मानवी व्यवहाराचा शोध घेण्याची दृष्टी जुनी आहे. यासाठी आपण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र पाहू.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९१८ मध्ये वडिलांसोबत ते अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

पुण्याच्या या वर्षांत त्यांनी प्राचीन आहत नाण्यांकडे लक्ष वळवले. या नाण्यांवर राजाचे नाव नसते, वर्ष नसते. असतात फक्त ठोकलेली चिन्हे. मग कोणते नाणे आधीचे हे ठरवायचे कसे? कोसंबींनी हाती तराजू घेतला. चलनात फिरणारे नाणे हातोहात झिजते, म्हणून जुन्या गटातील नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढते. ही कल्पना पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील, वर्ष छापलेली चलनी नाणी गोळा करून तीही वजन केली. तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागील बाजूस असलेली बारीक चिन्हे जितकी अधिक, तितके वजन कमी, असेही त्यांना आढळले. ही चिन्हे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या खुणा असाव्यात, हा त्यांचा तर्क. येथे थोडे थांबून विचार करावा. वजन तराजूने सांगितले, व्यापारी मात्र तराजूत दिसत नव्हता. तो इतिहासाच्या जाणकारालाच दिसला.

हीच शिस्त त्यांनी काव्याला लावली. भर्तृहरीच्या नावावर शेकडो सुभाषिते फिरत होती आणि पोथीगणिक त्यांची संख्या व क्रम बदलत होता. कोसंबींनी पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखितांचा आधार घेऊन १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एकूण ८५२ श्लोकांपैकी निरनिराळ्या परंपरांतील पोथ्यांत सातत्याने आढळणारे २०० श्लोक त्यांनी अग्रभागी ठेवले, संशयास्पद १५२ त्यानंतर, आणि उरलेले सुटे ५०० शेवटी. आज असे काम संगणकाच्या साहाय्याने करता येते. त्यांनी ते कागदावर केले. मात्र भर्तृहरीच्या वैराग्यामागे राजाश्रयासाठी ताटकळणाऱ्या विद्वानाची घुसमट आहे, हा त्यांचा निष्कर्ष कोणत्याही मोजणीतून आलेला नाही. तो वाचनातून आला, आणि म्हणूनच तो वादग्रस्तही ठरू शकतो.

१९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे पुण्यात, ये-जा डेक्कन क्वीनने. १९४८-४९ मध्ये गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेस गेले होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुढे याच पद्धतीने त्यांना दगा दिला. अविभाज्य संख्यांविषयीचे रीमानचे प्रसिद्ध अनुमान संभाव्यताशास्त्राच्या आधारे सिद्ध केल्याचा दावा त्यांनी केला; गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. नाण्यांच्या बाबतीत संभाव्य उत्तर पुरेसे होते, गणिती सिद्धतेला ते पुरत नाही. त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा सेवाकरार वाढवला नाही. डोंगरवाटा तुडवत दगडी हत्यारे, लेणी आणि ग्रामदैवते यांचा शोध घेणे त्यांनी सोडले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची भर्तृहरीची आवृत्ती आपल्या जवळच्या ग्रंथालयात असल्यास अवश्य पाहावी. प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल; आधी कोणत्याही एका श्लोकाखाली बारीक अक्षरांत दिलेले पाठभेद मोजून पाहावेत.