ग्रंथपाल घडवणारा राजा

लायब्ररीत पुस्तक शोधताना ही सगळी सिस्टिम आपल्याकडे कोणी रुजवली, असा विचार आपण कधी करतो का? मी खारदांड्याची, त्यात कॉन्व्हेंटची. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मला फक्त नावानेच माहीत होते. वाचायला घेतलं आणि थक्क झाले.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव, घर शेतकऱ्याचं. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं! शिकायला उशिरा मिळालं, म्हणूनच शिक्षणाची किंमत कळली असावी. १८८१ मध्ये कारभार हाती आला आणि १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं.

पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल, तर शिकलेलं टिकणार कसं? म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. स्वतःचा खासगी पुस्तकसंग्रह सेंट्रल लायब्ररीला दिला. गावोगावी वाचनालयं निघाली, पेट्यांमधून पुस्तकं फिरू लागली.

मला सगळ्यात भावलं ते १९११ चं पाऊल. त्या वर्षी बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. वर्गीकरण, कॅटलॉग हे तंत्र तेव्हा आपल्याकडे अगदी नवं होतं. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले, तरी काम थांबलं नाही. कारण ते जाणणारी माणसं इथेच तयार झाली होती.

आज तोच प्रश्न कॉम्प्युटरच्या बाबतीत आहे. साधी यादी हवी असली, तरी बाहेरच्या माणसाची वाट बघायची का? खरं तर ग्रंथपाल अर्धे प्रोग्रामर असतातच. पुस्तकाचा नंबर म्हणजे कोड, कॅटलॉगचं कार्ड म्हणजे रेकॉर्ड. मुदत संपली असेल तर नाव छाप, नाहीतर पुढे जा, हे झालं 'इफ-एल्स'. पायथनसारख्या सोप्या भाषेत हे थोड्याच ओळींत जमतं. मशीन आपली जागा घेईल ही भीतीही त्याने कमी होते, कारण मशीनला काम सांगणारे आपणच असतो.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज आपल्या मुंबईतच वारले. त्यांची आठवण ठेवायची तर पुतळाच कशाला हवा? आपण हॉस्टेलवाल्यांनी आठवड्यातला एक तास लायब्ररीतल्या काका-मावशींसोबत कॉम्प्युटरपुढे बसावं. ते आपल्याला पुस्तकं शोधायला शिकवतील, आपण त्यांना कोड. बघा पटतंय का!