यंत्राला मातृभाषा नसते

संगणकाची भाषा इंग्रजीच असते, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. तो किती पोकळ आहे हे ग्रेस हॉपर या विदुषीने १९५५ च्या सुमारासच दाखवून दिले होते. दुर्दैवाने ज्यांनी ते पाहावयास हवे होते, त्यांनी पाहिले नाही.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून त्या व्हॅसर महाविद्यालयात अध्यापन करीत होत्या. महायुद्धात त्या नौदलात दाखल झाल्या आणि हार्वर्डच्या मार्क-१ या अवाढव्य गणकयंत्राशी त्यांची गाठ पडली. त्या काळी यंत्राला प्रत्येक आज्ञा आकड्यांत द्यावी लागे. ही हमाली यंत्रानेच करावी, या हेतूने त्यांनी १९५२ मध्ये ए-० हा कंपायलर सिद्ध केला.

पुढे व्यापारी हिशेबासाठी त्यांनी शब्दांतल्या आज्ञा समजणारा नमुना रचला. मग इंग्रजी शब्दांच्या जागी फ्रेंच व जर्मन शब्द घातले, तरी यंत्राचे काम तेच झाले. कंपनीचे चालक खवळले! अमेरिकेत घडलेल्या यंत्राला परकी भाषा कळावी कशी? नुसत्या इंग्रजीला मान्यता मिळविण्यात बाईंचे आणखी चार महिने गेले.

वस्तुतः कंपायलर शब्द टाकून देतो आणि वाक्याची रचना तेवढी ठेवतो. मधल्या रूपात ‘इफ’ही उरत नाही, ‘जर’ही उरत नाही, उरते एक कसोटी आणि पुढच्या दोन वाटा. हे मधले रूप काटकसरीचेही आहे. पाच भाषा व चार यंत्रे असतील, तर थेट भाषांतरास वीस अनुवादक लागतात. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, की अलीकडचे पाच आणि पलीकडचे चार, अशा नवांत भागते. १९५८ मध्ये ‘अन्कॉल’ नावाने मांडलेली अशी भाषा कागदावरच राहिली. आज मात्र सी, रस्ट, स्विफ्ट या भाषा ‘एलएलव्हीएम’च्या एकाच मध्यरूपातून यंत्रापर्यंत पोचू शकतात.

१९५९ च्या कोबोलवर बाईंच्या कामाची दाट छाया आहे. शब्द मात्र इंग्रजीच राहिले. १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

२००८ पासून पायथन भाषेत चलांना देवनागरी नावे देता येतात. सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळ्यात बसून एखाद्या विद्यार्थ्याने रकमेला ‘बाकी’ म्हटले, तर यंत्र निमूटपणे हिशेब करते. ‘जर’ मात्र त्याला अजून इंग्रजीतच लिहावे लागते.