इंजिनच्या पट्टीवरचे नाव

गेल्या मे महिन्यात आमच्या मच्छेच्या घराच्या पडवीत महिनाभर डिझेलचा वास होता. वडिलांच्या वेळचे विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन, विजेची मोटर आल्यापासून गोठ्यात गंजत पडलेले. इंजिनीयरिंगला असलेल्या पुतण्याने ते खोलून पुन्हा जोडायचे मनावर घेतले आणि डिप्लोमा करून पंचवीस वर्षे फाइली उपसणाऱ्या आम्हालाही हुरूप आला.

पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवले, क्रँकशाफ्ट उद्यमबागेतून टर्निंग करून आणला. सगळे जोडून हँडल मारले, तर नुसता सुस्कारा. दोन दिवस दंड भरून आल्यावर लक्षात आले की डिझेलच्या नळीतली हवा काढायलाच आम्ही विसरलो होतो. पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिले. मग डीकॉम्प्रेशनचा खटका वर, अंगठा बोटांच्याच बाजूने ठेवून हँडल (उलटा झटका बसला तर मनगट वाचावे म्हणून), फ्लायव्हीलने वेग घेतला की खटका खाली. काळा धूर आला, आणि मग तो जुना ठेका सुरू झाला. आमच्या वहिनी देवघरातून धावत बाहेर आल्या.

धूर ओसरल्यावर पुतणा पितळी पट्टी पुसत होता. किर्लोस्कर हे त्याला कंपनीचे नाव म्हणून ठाऊक, पण हा माणूस आपल्या जिल्ह्याचा, आणि त्याचा कारखाना आपल्या बेळगावात सुरू झाला, हे त्याला नवे होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हे लिहिण्याचे आम्ही ठरवले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे आणि त्याच घराण्यातले. एकाच खेड्याने महाराष्ट्राला रंगभूमी दिली आणि नांगरही. लक्ष्मणरावांचे शाळेत मन रमेना. चित्रे आणि यंत्रे या दोनच गोष्टींची ओढ. वडिलांना ते पसंत नव्हते, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोन वर्षांनी कळले की डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणे संपले. यांत्रिक रेखाटन उरले. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवून झाले की ते संस्थेच्या वर्कशॉपात शिरत आणि यंत्रे हाताळून समजून घेत. यंत्राचे शिक्षण झाले ते तिथे, पुस्तकात नव्हे.

मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवर जाताना पाहून त्यांना धंदा सुचला. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत. वर १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगाचे मूळ साल १८८८ धरतात ते या दुकानावरून. पुढे संस्थेत बढतीची पाळी यांची असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. सरकारी नोकरीतल्या आम्हाला या राजीनाम्याचे मोल जरा जास्तच कळते. बढती हुकल्यावर आम्ही अर्ज करतो.

बेळगावात आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम, पण गिऱ्हाईक नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत घर कसे चालले असेल याचा विचार आमच्या मनात पुन्हा पुन्हा येतो. भाऊ दुकान सांभाळतो आहे, पत्नी राधाबाई संसार ओढते आहे, आणि हा माणूस नांगराचा फाळ आणखी टणक कसा होईल ते पाहतो आहे.

नांगर खपू लागला, कारखाना उभा राहिला, तेव्हा नगरपालिकेची नोटीस आली. नवीन वस्ती वसवायची होती, त्यासाठी जागा हवी होती. १९१० साल. कागद कायद्याप्रमाणेच असेल. पण बेळगावने त्या दिवशी काय दाराबाहेर काढले, हे तो पुढे सरकवणाऱ्या कोणाच्या ध्यानी आले नसावे. आम्हीही असले कागद सरकवतो, म्हणून कोणाला नावे ठेवत नाही.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. तिथे किर्लोस्करवाडी झाली. वस्तीचा कारभार रामूअण्णांनी पाहिला, जातीपातीचा विटाळ तिथे चालू दिला नाही, आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्यांना पहारेकरी नेमले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. पुढे चरक, पंप अशी यंत्रे आली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत यंत्रशास्त्र शिकून परतले. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हा लक्ष्मणराव सत्याहत्तर वर्षांचे होते. ज्यांनी बैलांच्या मागे चालणारा नांगर केला, त्यांच्याच हयातीत विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. आपण सारे गणपतीच्या खरेदीला तिथे जातो. या आठवड्यात पुतण्यालाही नेले होते. तो पाटी वाचत थांबला, आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.