मीनाकुमारीची शेवटची चार वर्षे आणि यकृताचे पथ्य

‘पाकिजा’ ज्यांनी लक्ष देऊन पाहिला असेल, त्यांना त्यातल्या काही नृत्यांत नायिकेचा चेहरा ओढणीआड राहतो हे आठवत असेल. त्या जागी पडद्यावर नाचते ती पद्मा खन्ना. मीनाकुमारीला तेव्हा नाचणे झेपत नव्हते. १९६८ मध्ये तिला यकृताचा सिरॉसिस झाल्याचे निदान झाले होते आणि ३१ मार्च १९७२ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, ती गेली. निदान आणि मृत्यू यांच्यामधल्या जेमतेम चार वर्षांत तिने तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट पूर्ण केला. सिरॉसिसचा रुग्ण किती काळ उभा राहू शकतो आणि तो काळ कशाने वाढतो, हे समजून घेण्यासाठी तिचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

मूळ नाव महजबीन. जन्म १ ऑगस्ट १९३३, मुंबईच्या दादरमध्ये. वडील अली बक्ष पारशी रंगभूमीवरचे वादक, आई इक्बाल बेगम नर्तकी. घरात पैशांची ओढाताण होती, त्यामुळे शाळेच्या वयात ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९३९ च्या ‘लेदरफेस’मध्ये विजय भट्ट यांनी तिला काम दिले. पुढे ‘बेबी मीना’ म्हणून ती घर चालवू लागली. मे १९५१ मध्ये महाबळेश्वरहून परतताना मोटारीला अपघात झाला आणि तिला पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल करावे लागले. डाव्या हाताची करंगळी कायमची अधू झाली. नंतरच्या चित्रपटांत तो हात ती पदराआड किंवा ओढणीआड लपवताना दिसते.

१९५२ साली कमाल अमरोही यांच्याशी तिचे लग्न झाले, त्याच वर्षी ‘बैजू बावरा’ आला. या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलावहिला फिल्मफेअर पुरस्कार तिला मिळाला. १९६२ मध्ये ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये पतीला घरात धरून ठेवण्यासाठी दारू पिऊ लागणारी छोटी बहू तिने उभी केली. १९६४ मध्ये ती पतीपासून वेगळी झाली.

या काळात तिला निद्रानाशाने ग्रासले होते. झोपेच्या गोळ्या नेहमीच्या झाल्या होत्या. झोप यावी म्हणून थोडी ब्रँडी घेण्याचा सल्ला वैद्यकीय सल्ला म्हणूनच तिला मिळाला, असे तिच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. हा समज आजही घरोघरी आढळतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण पहाटेकडची झोप मोडते, मग दुसऱ्या रात्री थोडी जास्त लागते. स्त्रियांच्या यकृताला पुरुषांपेक्षा कमी दारूने आणि कमी वर्षांत इजा होते. वारंवार इजा झालेल्या यकृतात मऊ पेशींच्या जागी कडक तंतू तयार होतात, यकृत गाठाळ होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. दारू हे त्याचे एकच कारण नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत यांमुळे दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला हा आजार होतो. त्यामुळे रुग्णाकडे संशयाने पाहण्याआधी त्याची तपासणी व्हायला हवी.

जून १९६८ मध्ये मीनाकुमारीला उपचारासाठी परदेशी नेण्यात आले. लंडनमध्ये तिच्यावर डॉ. शीला शेरलॉक यांनी उपचार केले. डब्लिनमध्ये जन्मलेल्या आणि एडिंबरात शिकलेल्या शेरलॉक १९५९ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयात ब्रिटनमधल्या पहिल्या महिला मेडिसिन प्राध्यापक झाल्या. यकृतरोगावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक जगभरचे डॉक्टर वाचत आले आहेत.

सिरॉसिसमध्ये आहार हे औषध आहे, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९४१ मध्ये न्यूयॉर्कचे आर्थर पटेक आणि जोसेफ पोस्ट यांनी अशा रुग्णांना भरपूर सकस आहार आणि ब जीवनसत्त्वे दिली, तर त्यांची प्रकृती सुधारते असे दाखवून दिले होते. पण पुढे एक भीती शिरली. प्रथिनांच्या पचनातून अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत तो निकामी करते, आजारी यकृताला ते जमत नाही आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचून रुग्ण भ्रमिष्ट होतो, कधी बेशुद्ध पडतो. १९५० च्या दशकात शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा पाया घातला. त्यावरून अशा रुग्णांची प्रथिने तोडण्याची पद्धत पडली आणि कित्येक दशके टिकली.

ती पद्धत आता बदलली आहे. अमोनिया निकामी करण्याचे काम यकृताखालोखाल आपले स्नायू करतात. प्रथिने तोडली की स्नायू झिजतात आणि अमोनिया उलट वाढतो. २००४ मध्ये बार्सिलोनात झालेल्या अभ्यासात प्रथिने कमी केलेल्या रुग्णांना काहीच फायदा झाला नाही, त्यांच्या शरीरातली प्रथिनांची झीज मात्र वाढली. आज सिरॉसिसच्या रुग्णाला रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगितले जाते.

सप्टेंबर १९६८ मध्ये मीनाकुमारी बरी होऊन भारतात परतली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण काही दिवसांतच ती कामावर हजर झाली. ती आता खूप कृश झाली होती. नायिकेच्या भूमिका मागे पडून चरित्र भूमिका वाट्याला येऊ लागल्या. १९७१ च्या ‘मेरे अपने’मधली म्हातारी तिने याच दिवसांत साकारली.

सिरॉसिसमधला हा कृशपणा नुसत्या कमी खाण्याने येत नाही. निरोगी माणसाचे यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवते. आजारी यकृताचा हा साठा तोकडा असतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंतचे दहा-बारा तास या रुग्णाच्या शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपासासारखे जातात आणि ते स्वतःचे स्नायू जाळून साखर बनवते. म्हणून झोपण्याआधी काहीतरी खाणे हे या आजारातले सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित पथ्य आहे.

‘पाकिजा’चे काम १९५६ मध्ये सुरू झाले होते आणि १९६४ मध्ये थांबले होते. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी झालेले चित्रीकरण पाहून आग्रह धरला आणि मार्च १९६९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मीनाकुमारीने आजारी शरीराने ते तडीस नेले. ३ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. मार्चअखेरीस तिला सेंट एलिझाबेथ नर्सिंग होममध्ये दाखल केले. ती बेशुद्धीत गेली आणि त्यातून उठली नाही. माझगावच्या कब्रस्तानात तिला दफन करण्यात आले. लोकांनी ‘पाकिजा’ला खरी गर्दी केली ती त्यानंतर.

कळवण तालुक्यातल्या रुग्णाला लंडन परवडणार नाही. पण १९६८ मध्ये लंडनलाही जे पुरते उमगले नव्हते, ते पथ्य आज कळवणच्या बाजारात मिळते. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. बाजरीच्या चार भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, दोन अंडी, दोन पेले दूध आणि मूठभर बिनखारे शेंगदाणे यांतून ती भरून निघतात. अंडी खात नसतील तर मूग, हुलगे, उडीद, दही वाढवावे. डाळी आणि दुधाची प्रथिने या रुग्णांना मांसापेक्षा चांगली मानवतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि झोपताना दूध-भाकरी किंवा दुधातली नागलीची पेज घ्यावी. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पोटात पाणी किंवा पायांवर सूज असेल तर दिवसभराचे मीठ एका लहान चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. पापड, लोणचे, फरसाण, खारे दाणे, सुकट बंद. ठेचा हवाच असेल तर बिनमिठाचा, वर लिंबू पिळून. बाजारातले कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि सूज उतरवण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरते. कावीळ दिसली की तेल-हळद बंद करून रुग्णाला उसाच्या रसावर ठेवण्याची रीत सिरॉसिसमध्ये नुकसानच करते. सप्तशृंगीवर श्रद्धा असलेल्यांनी नवरात्रातही या आजारात निराहार राहू नये. दारू मात्र पूर्ण बंद, औषध म्हणूनही नाही.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात दुखून ताप, बोलण्यात विसंगती, रात्री जागरण आणि दिवसा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. झोप उलटीपालटी होणे ही मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची पहिली खूण असू शकते. अशा वेळी झोपेची गोळी घरच्या घरी देणे जिवावर बेतू शकते.