नासरेथ गावचा वाद्ये करणारा सुतार

नासरेथ हे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. परंतु त्याच नावाचे एक गाव अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांती आहे, आणि त्या गावीही एक सुतार राहून आपल्या हातांनी काम करीत असे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ही तुलना आम्ही याहून पुढे नेत नाही. ज्यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे, ते ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे जर्मन गृहस्थ गिटार करणारे होते. हे सहा तारांचे वाद्य आता आपल्याकडील कित्येक मंडळ्यांच्या उपासनेत गीतांच्या साथीस घेतात. ते कसे घडते, आणि ते घडविण्याच्या हक्कासाठी एका कारागिराच्या कुळास काय सोसावे लागले, हे समजून घेण्याजोगे आहे.

मार्टिन यांचा जन्म 31 जानेवारी 1796 रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खेन या लहानशा गावी झाला. या गावाची हकीकत आधी सांगितली पाहिजे. शेजारच्या बोहेमिया देशात रोमन कॅथलिक राजसत्तेने प्रॉटेस्टंट लोकांवर धर्मासंबंधी सक्ती चालविली, तेव्हा तेथील कित्येक व्हायोलिन करणारे कारागीर घरदार सोडून या बाजूस आले. 1677 साली त्यांच्यापैकी 12 कारागिरांनी मार्कनॉयकिर्खेन येथे आपला संघ स्थापन केला. अशा संघास त्या देशात गिल्ड म्हणत. कोणी शिकाऊ राहावे, किती वर्षांनी उस्ताद व्हावे, कोणते काम कोणी करावे व कोणी करू नये, हे सारे गिल्ड ठरवी. आपल्या गावगाड्यात सुताराचे काम सुताराने व चांभाराचे चांभाराने करावयाचे, तसाच काहीसा हा बंदोबस्त होता; मात्र तो जन्मावर नसून शिक्षणावर व लेखी नियमांवर उभारलेला होता. पुढे त्या गावी घरोघर व्हायोलिने होऊ लागली व गावाचे नाव दूरवर गेले.

मार्टिन यांचे वडील योहान गेओर्ग हे व्हायोलिनवाले नव्हते. ते मेज, कपाटे व पेट्या करणाऱ्या सुतारांच्या गिल्डमधले होते; तथापि गिटारीही करीत. मुलगा त्यांच्याच हाताखाली रंधा व पटाशी धरावयास शिकला. पुढे तारुण्यात तो व्हिएन्ना नगरास योहान श्टाउफर यांजकडे गेला. श्टाउफर हे त्या काळी गिटारीच्या कामात फार नावाजलेले होते. त्यांच्या गिटारीच्या सहाही खुंट्या एकाच बाजूस असत, आणि मान व पोट यांमधील कोन घड्याळाच्या किल्लीसारख्या एका किल्लीने कमीजास्त करता येई. मार्टिन त्यांच्याकडील कारागिरांवर मुख्य झाले. 1825 साली त्यांनी ओटिलिए क्यूले या बाईंशी विवाह केला. तिचे वडील हार्प नावाचे वाद्य करीत. त्याच वर्षी त्यांस मुलगा झाला व त्याचेही नाव ख्रिश्चन फ्रेडरिकच ठेविले. मग कुटुंब घेऊन मार्टिन आपल्या गावी परतले.

गावी येतात तो तंटा उभाच होता. गिटारीची आवड नवीन, मागणी मोठी, आणि ती सुतार लोक करू लागलेले. हे व्हायोलिनवाल्यांच्या गिल्डास खपेना. 1826 साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की सुतारांस गिटारी करण्याची मनाई व्हावी. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही वाद्ये करणारे कलावंत आहो, आमच्या कामात अभिरुची लागते. सुतार हे केवळ सामान करणारे मजूर, त्यांस वाद्यातले काय कळणार? सुतारांनी उलट उत्तर दिले, की गिटार हे वाद्य या भागात अलीकडेच आले, तुमच्या गिल्डचे नियम झाले तेव्हा ते येथे नव्हतेच. मग त्याचा मक्ता तुम्हांस कोणी दिला? याच वादात एका घाऊक व्यापाऱ्याने मार्टिन यांच्या बाजूने साक्ष दिली, की या मनुष्याने श्टाउफर यांजपाशी काम केले असून त्याच्या गिटारींत काही उणे काढता येत नाही.

येथे आमच्या मनात जे आले ते लिहितो. ज्यांचे वाडवडील आश्रयार्थी होऊन या गावी आले, ज्यांस या गावाने जागा व पोटाचा धंदा दिला, त्यांच्याच वारसांनी दीडशे वर्षांनंतर शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावू पाहावे, याचे वाईट वाटते. तरी त्यांस केवळ दुष्ट म्हणणेही बरोबर होणार नाही. धंद्यात माणसे वाढली की भाकरीचे वाटे लहान होतात, आणि ज्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत तो मनुष्य न्यायाचा विचार मागाहून करतो. हे आमच्या वाचकांपैकी बलुत्याचे हक्क पाहिलेल्यांस समजावून सांगावयास नको.

हा वाद अनेक वर्षे चालला. अखेरीस सुतारांचा हक्क कायम राहिला. परंतु मार्टिन यांचे मन त्या व्यवस्थेतून उठले होते. जिंकलेल्या पक्षाचा मनुष्य गाव सोडून जातो, हे ऐकण्यास चमत्कारिक वाटेल. पण उद्या पुन्हा नवा अर्ज होणार नाही याची शाश्वती कोणी द्यावी? सप्टेंबर 1833 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बायकामुले घेऊन ते अमेरिकेस जाण्यास निघाले.

न्यूयॉर्क शहरी हडसन रस्त्यावर 196 क्रमांकाच्या जागेत त्यांनी दुकान मांडिले. तेथे ते तारा, व्हायोलिने, तुतारीसारखी वाद्ये व गाण्यांच्या छापील प्रती विकीत, मोडलेली वाद्ये दुरुस्त करीत, आणि मागच्या खोलीत गिटारी करीत. रोख पैसा नेहमीच मिळे असे नाही. त्यांच्या हिशेबात मालाच्या बदल्यात मुलांचे कपडे घेतल्याची नोंद आहे, तशीच द्राक्षारसाची पेटी घेतल्याचीही आहे. पहिला सौदा आम्हांस अधिक आवडतो. पण शहराची गजबज कुटुंबास मानवली नाही. त्यांचे मित्र हाइनरिख शाट्स हे आधीच पेनसिल्व्हेनियात नासरेथजवळ जाऊन राहिले होते. 1838 साली मार्टिन यांनी दुकान विकले व पुढच्या वर्षी तेही तिकडे गेले.

नासरेथ हे मोरावियन मंडळीचे गाव. 1740 साली प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी निग्रो मुलांकरिता शाळा काढावी म्हणून ती जमीन घेतली होती. तो बेत तडीस गेला नाही आणि 1741 साली मोरावियन लोकांनी ती विकत घेतली. गावात जर्मन भाषा, जर्मन चालीरीती व संगीताची मोठी आवड होती. तथापि येथेही एक कुंपण होतेच: त्या काळी मोरावियन मंडळीबाहेरच्या मनुष्यास गावात जमीन मिळत नसे. मार्टिन यांनी गावाच्या कडेस चेरी हिल येथे जागा घेतली, आणि राहत्या घरातच कामाची खोली केली.

त्या खोलीतील काम कसे चाले ते पाहू. गिटारीचा प्राण म्हणजे तिचे वरचे तोंड, म्हणजे तारांखालची पातळ फळी. तिला स्प्रूस नावाच्या, देवदाराच्या जातीच्या झाडाचे लाकूड लागते. हलके, सरळ रेषांचे, पुरते सुकलेले. एकाच लाकडाच्या दोन फळ्या पुस्तक उघडावे तशा उलगडून शेजारी जोडतात, म्हणजे डाव्याउजव्या बाजूंच्या रेषा जुळतात. मग रंध्याने ती इतकी तासावयाची, की जाडी एका इंचाच्या आठव्या भागाहूनही कमी राहावी. पाठ व कडा शिसवीच्या जातीच्या कठीण लाकडाच्या. हे लाकूड ब्राझील देशाहून येई. कडांच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या लोखंडावर हळूहळू वाकवाव्या लागतात; घाई केली की तडकतात. जोड सरसाचा, तोही गरम असतानाच. शेवटी लाखेचे रोगण कापडाच्या बोळ्याने पुनःपुन्हा घासून चढवावयाचे. ही लाख त्या काळी हिंदुस्थानातूनच तिकडे जात असे. तेव्हा आपल्याकडील रानातील किड्यांचाही त्या गिटारींस थोडा हात लागला म्हणावयाचा.

आता अडचण अशी, की फळी जाड ठेविली तर आवाज कोंडतो, आणि पातळ केली तर तारांच्या ओढीने फुगून वर येते. म्हणून आतल्या बाजूस लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवितात. जुनी रीत शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या पट्ट्या बसविण्याची होती. मार्टिन यांनी दोन लांब पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या व तीत लहान पट्ट्या बसविल्या. त्यायोगे फळीस बळकटी आली आणि तिचे कंपनही मोकळे राहिले. अशा फुलीच्या सर्वांत जुन्या ज्ञात गिटारींपैकी एक 1843 सालची आहे. ती स्पेन देशाच्या मादाम दे गोन्यी या वादिकेच्या नावाने ओळखली जाते. ही युक्ती एकट्या मार्टिन यांसच सुचली असे आम्ही म्हणत नाही; त्याच सुमारास अमेरिकेतील दुसऱ्याही जर्मन कारागिरांनी ती वापरली. पण ती पक्की करून पिढ्यान्‌पिढ्या टिकविली ती मार्टिन यांच्या घराने. श्टाउफर यांच्याकडची वळणदार नक्षी, एका बाजूच्या खुंट्या व किल्लीची मान हे सर्व त्यांनी हळूहळू सोडून दिले. त्यांच्या काळी तारा आतड्यांच्या असत. पुढे विसाव्या शतकात पोलादाच्या तारा आल्या आणि ओढ फार वाढली, तेव्हा त्या फुलीचे खरे मोल सर्वांस कळले. आज पोलादी तारांच्या बहुतेक साध्या गिटारींच्या पोटात तीच फुली सापडते.

1850 नंतरच्या दशकात मोरावियन मंडळीने गावातील जमिनीवरचा तो निर्बंध काढिला. मार्टिन यांनी गावात जागा घेतली व 1859 साली मेन आणि नॉर्थ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर घर व कामाची जागा बांधिली. 1867 साली मुलगा व पुतण्या सी. एफ. हार्टमन यांस भागीदार करून घेतले. 16 फेब्रुवारी 1873 रोजी, 77 वर्षांचे होऊन, ते नासरेथ येथेच वारले. धंदा मुलाने व त्याच्यामागून नातवाने चालविला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. नासरेथास येऊनही मार्टिन आपल्या गिटारींवर न्यूयॉर्कचाच शिक्का मारीत, कारण तेथल्या व्यापाऱ्यांमार्फत त्या विकल्या जात. तो शिक्का त्यांच्या मृत्यूनंतरही पंचवीस वर्षे तसाच राहिला. 1898 साली त्यांच्या नातवाने तो बदलून नासरेथ असे नाव घातले, आणि त्याच वर्षापासून प्रत्येक गिटारीवर क्रमांक पडू लागला.