रेव्हरंड टिळक : कृपा आणि स्वभावदोष

नाताळच्या मंगल पर्वावर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र खानदेशच्या वाचकांपुढे ठेवताना आम्हांस परकेपणा वाटत नाही. १९०७ साली जळगावी पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्याच्याशी टिळकांचा निकट संबंध होता. धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याच संमेलनात ‘बालकवी’ म्हणून गौरविले गेले व पुढे नगरास टिळकांच्या घरी पुत्रवत् राहिले. शिवाय टिळक कीर्तनकार. ख्रिस्तचरित्र त्यांनी आपल्या परिचित कीर्तनपद्धतीने लोकांपुढे मांडले, हे आम्हां कीर्तनकारांस विशेष जवळचे वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नाशकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे उभयतांचा वियोग झाला. पुढे त्या परतल्या व यथावकाश स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

बाप्तिस्म्याने टिळकांचा स्वभाव मात्र एका दिवसात पालटला नाही. त्यांचा संताप भयंकर होता. क्षणात भडकावे, घर सोडून निघून जावे, हातचा पैसा परस्पर देऊन टाकावा आणि मागाहून पश्चात्तापाने व्याकूळ व्हावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली, आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ती झाकून ठेवली नाही.

मग प्रश्न उभा राहतो : श्रद्धावंताच्या हातून तोच दोष पुनःपुन्हा घडला, तर त्याच्या तारणाचे काय? ख्रिस्ती आचार्यांत यावर एकमत नाही. कॅल्व्हिनचे अनुयायी म्हणतात की, ईश्वराने ज्याला खरोखर आपलासा केला तो अखेरपर्यंत सुटत नाही. वेस्लीचे अनुयायी मानतात की, मनुष्य कृपेपासून ढळू शकतो. रोमन कॅथलिक पंथात महापातकाने कृपेचे जीवन नष्ट होते आणि पापनिवेदनाने ते पुन्हा लाभते. संत पौल एकीकडे इच्छा असूनही चांगले घडत नाही, ही अंतरीची व्यथा सांगतात. दुसरीकडे कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहण्याची कल्पना ठामपणे धुडकावतात. योहानाच्या पहिल्या पत्रात आपण निष्पाप आहोत असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे आहे, आणि देवापासून जन्मलेला पापात रमत नाही असेही आहे.

ही दोन्ही वचने एकत्र वाचली की भेद ध्यानी येतो. पडणे निराळे आणि पडण्यातच वस्ती करणे निराळे. आमच्या शास्त्रकारांनीही हा विवेक केला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावाने भजणाऱ्या दुराचाऱ्यासही साधू मानावे असे सांगून, तो लवकरच धर्मात्मा होतो, असे लगेच पुढे म्हटले आहे. नामाच्या बळावर पाप करणे हा तर दशविध नामापराधांपैकी एक गणला आहे.

टिळकांनी आपल्या संतापाला कृपेचे पांघरूण घातले नाही. प्रत्येक वेळी ते लज्जित होऊन परतले. त्यांच्या पश्चात्तापाने लक्ष्मीबाईंचे दुःख पुसले गेले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे ऋण देवाच्या क्षमेनंतरही उरतेच. परंतु ज्या पत्नीने सर्वाधिक सोसले, तिनेच पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्याच्या मागे पूर्णत्वास नेले, हेही विसरता येत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरली व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या तारणाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. इतके मात्र निश्चित की, आपल्या दोषाची लाज ज्याच्या ठायी अखेरपर्यंत जागी राहिली, त्याने कृपेचा हात सोडला असे म्हणता येत नाही. सणाच्या दिवशी दीप लावताना प्रत्येकाने आपल्या घरातील सोसणाऱ्या माणसाकडे एकदा पाहावे आणि मग क्षमेची प्रार्थना करावी.